दिवा चालू, गारवा बंद

बेळगावच्या माणसाला गाडीतला एसी लावताना अजूनही थोडं चोरट्यासारखं वाटतं. गाव साडेसातशे मीटर उंचीवर. गरिबांचं महाबळेश्वर म्हणवून घेण्यात आमच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. एप्रिलात दुपारी कितीही तापलं तरी संध्याकाळी वळीव येणार, मातीचा वास सुटणार आणि रात्री पायावर चादर ओढावी लागणार, असा आमचा हिशेब. हल्ली तो जमत नाही, पण कबूल कोण करणार? दहा वर्षांपूर्वी मी ही छोटी गाडी घेतली तेव्हा आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, एसीचं बटण बघून विचारलं होतं, "हे हाय, तर मग काचा खाली करायची सोय कशाला दिल्या?"

त्यानंतर बरीच वर्षं ते बटण बहुतेक वेळा बंदच होतं. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्यांचे उपचार कोल्हापूरला सुरू झाले आणि दर पंधरा दिवसांनी एकशे दहा किलोमीटर जाणं, तेवढंच येणं सुरू झालं. आईला खिडकीचा वारा सोसत नाही, कान धरतात. त्यात महामार्गाची धूळ आणि उसाच्या ट्रॅक्टरमागून उडणारं पाचट. एसी लावावाच लागला. आणि लावायला लागल्यावर कळलं की तो लहरी आहे.

सकाळी जाताना झकास. काकती, वंटमुरी, संकेश्वर, निपाणी, कागल, कुठे कुरकुर नाही. आई शाल गुंडाळून बसायची. दुपारी परत निघालो की निपाणीपर्यंत ठीक, आणि नंतर कधीतरी झरोक्यातून येणारी हवा कोमट व्हायची, मग सरळ गरम. संकेश्वरला चहाला थांबलो, वीस-पंचवीस मिनिटांनी परत बसलो, की पुन्हा गार. जणू त्यालाही चहा हवा होता.

पूर्ण बिघडलेली वस्तू सोपी असते. दाखवली की दिसते. अधूनमधून बिघडणाऱ्या वस्तूचं तसं नाही. पहिल्या गॅरेजमध्ये मी दुपारी गाडी नेली, माझ्यापुढे तीन गाड्या. नंबर येईस्तोवर तासभर गेला, इंजिन गार झालं. पोराने बटण दाबलं, झरोक्यासमोर हात धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "चालू हाय की मॅडम." त्या 'मॅडम'मध्ये बरंच काही होतं. गाडी चालवणाऱ्या बाईला बटण चालू की बंद हे तरी कळतं का, ही शंका तर होतीच होती. वास्तविक आमच्याकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' म्हणणाऱ्या. गॅरेजमध्ये मात्र एकदम 'मॅडम' होऊन जातात.

शेवटी मालक आले, त्यांनी गाडीकडे न बघताच निदान केलं. गॅस.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या भागात एकमत होणं ही दुर्मीळ बाब. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून गाव कुणाचं यावर वाद आहे. पाट्यांवर वाद आहे, २०१४ साली नाव बदललं त्यावरही वाद आहे. पण गाडीचा एसी चालत नाही म्हटलं की मराठी मिस्त्री म्हणतो "गॅस संपलाय बघा", कन्नड मिस्त्री म्हणतो "ग्यास खाली आगेद री", आणि गोव्याकडून येणाराही तेच म्हणतो. सीमाभागाचा प्रश्न गॅरेजवाल्यांनी या एका शब्दापुरता सोडवलेला आहे.

वास्तविक गॅस संपत नसतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो. पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, वाऱ्याने निवतो आणि द्रव होतो. मग बारीक छिद्रातून सुटला की डॅशबोर्डमागच्या जाळीत उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता आपल्या केबिनमधून उचलतो. माझ्या गाडीतला आर-१३४ए हा गॅस हवेच्या साध्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतो, म्हणून हे सगळं जमतं. माझ्या आकाराच्या गाडीत तो असतो जेमतेम अर्धा किलो, किंवा त्याहूनही कमी. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आणि गळत असेल तर एसी दिवसेंदिवस मंद होत जाईल, चहा पिऊन बरा होणार नाही. हे मला आज कळतं. त्या दिवशी मी अठराशे रुपये दिले. पुढचे चार दिवस शाळेत सकाळच्या वेळी गाडी नेत होते, एसी उत्तम चालला, आणि मी चार जणींना ते गॅरेज सुचवलंसुद्धा.

दुसऱ्या ठिकाणी कंडेन्सर धुतला. त्यातून चिखल आणि पाचटाचा भुगा निघाला, तो धुवायलाच हवा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण कंडेन्सर तुंबला किंवा त्याचा पंखा बंद पडला तर एसी मरतो तो उभ्या गाडीत, गावातल्या दुसऱ्या रेल्वे गेटपाशी फाटक पडून आपण ताटकळत बसलेलो असताना. चालत्या गाडीत वारा आपसूक लागतो, तेव्हा तो सुधारतो. माझी गाडी उलटी वागत होती. तिसऱ्याने रिले, म्हणजे कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, बदलली. रिले बदलणं वाईट नव्हे, कारण त्यातले संपर्क जळून काळे झाले की तापल्यावर ते दगा देतात. पण त्याच मापाची हॉर्नची रिले तिथे घालून बघता आली असती, पैसे न घालवता. हॉर्न वाजतोय म्हणजे रिले धडधाकट.

तिघेही माणसं वाईट नव्हती. तिघांनी त्यांना दिसलेल्या गाडीवर इलाज केला. अडचण एवढीच की त्यांना दिसली ती गाडी बरी असलेली होती.

आप्पा उद्यमबागेत, म्हणजे आमच्या औद्योगिक वसाहतीत, ३४ वर्षं टर्नर होते, लेथवर. आमच्या गावात फाउंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिकचे कारखाने पुष्कळ. शहापुरात निम्म्या घरांत माग असायचा आणि उरलेल्या निम्म्यात कुणी ना कुणी लेथवर. आप्पांचे कान लेथनेच नेले. त्यांना आता जवळ जाऊन सांगावं लागतं. तिसऱ्या गॅरेजचं बिल बघून ते म्हणाले, "तू रोज लिहून ठेव. कधी बंद पडलं, कधी नाही."

"लिहून काय होणार, आप्पा?"

"जॉब दहातले दोन वाकडे निघूलालेत, तर मशीन उघडत नाहीत. आधी कुठले दोन ते बघतात."

म्हणून शाळेच्या जुन्या हजेरीपटाची मागची पानं घेतली. दिनांक, ठिकाण, गाडी सुरू होऊन किती मिनिटं, ऊन, चढ की सपाट, झरोक्यातला वारा जोरात की मंद, हवा गार की गरम, आणि शेवटी शेरा. तीनेक महिन्यांत बावीस नोंदी झाल्या. मराठी शिकवणाऱ्या बाईने असं काही लिहिलं की तिला लगेच आपण संशोधक झाल्यासारखं वाटतं, ते सोडून द्या. पण पानं समोर ठेवल्यावर काही गोष्टी आपोआप गळून पडल्या.

झरोक्यातला वारा कधीच मंद झाला नव्हता. हे महत्त्वाचं. लांबच्या प्रवासात आतल्या जाळीवर बर्फ धरला तरी एसी असाच जातो आणि थोडा वेळ बंद ठेवला की परत येतो, म्हणजे लक्षण सेम टु सेम. पण बर्फ धरला की वाराच अडतो. झरोक्यातून गार पण रोडका वारा येऊ लागतो, आणि मग तोही नाही. माझ्याकडे वारा भरपूर होता, फक्त गरम. दुसरं, सकाळी आठच्या आतली एकही नोंद वाईट नव्हती. तिसरं, पहिल्या अर्ध्या तासात कधीच बंद पडला नव्हता.

आणि घाट. सहा वाईट नोंदींपुढे मी 'तवंदी घाट' लिहून नंतर त्यावर रेघ मारली होती. त्याचं कारण माझं शहाणपण. गाडीच्या पुस्तिकेत वाचलं होतं की चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडीचा संगणक काही सेकंद कॉम्प्रेसर स्वतःच सोडतो. लहान इंजिन, चढ, आत चार माणसं. कॉम्प्रेसर फिरवायला लागणारी ताकद तेवढ्यापुरती चाकांकडे द्यायची, असा हिशेब. तो बिघाड नाही, तशी रचनाच आहे. म्हणून मी घाटाच्या नोंदी 'वगळा' म्हणून खोडल्या. चांगल्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासताना एखादं बरोबर उत्तर आपण घाईत चूक देतो, तसं ते झालं. हे कळायला अजून एक माणूस भेटायचा होता.

खानापूर रोडच्या आतल्या बाजूला एक गाडीचा इलेक्ट्रिशियन आहे. पाटीवर तीन लिप्या, बोलण्यात तीन भाषा, एका वाक्यात तिन्ही. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. पूर्ण ऐकून घेणारा तो पहिला. मग म्हणाला, "मॅडम, गाडी हितं ठेवून काय उपेग न्हाई. हितं ती शहाणी होऊन बसणार. तुम्ही दिवा घेऊन जावा."

दिवा म्हणजे पार्किंगचा छोटा बारा व्होल्टचा बल्ब. कॉम्प्रेसरच्या पुलीवर एक विजेचा क्लच असतो. बेल्टमुळे पुली सतत फिरतेच, पण कॉम्प्रेसर फिरत नाही. क्लचच्या कॉईलला वीज मिळाली की तिचं लोहचुंबक होतं, ते समोरची चकती ओढून पुलीला चिकटवतं, 'टक' असा आवाज येतो आणि मग कॉम्प्रेसर फिरू लागतो. त्याने कॉईलच्या वायरीला एक फाटा जोडला, मध्ये फ्यूज घातला, दोन वायरी बॉनेटच्या फटीतून खिडकीतून आत आणल्या आणि टोकाला तो बल्ब लोंबकळत ठेवला. म्हणाला, हवा गरम झाली की दिव्याकडे बघायचं. दिवा बंद असला तर वीज पोचत नाही. मग बटण, रिले, दाबाचा स्विच, वायर, यातलं काहीतरी. दिवा चालू असला आणि हवा गरम असली तर वीज पोचते, पण क्लच धरत नाही. अर्धी गाडी तिथेच निर्दोष सुटते. पैसे किती विचारले तर म्हणाला, "चोर सापडल्यावर बघू."

(क्लच नसता तर काय झालं असतं, याचं उत्तर इतिहासात आहे. १९४० च्या पॅकार्ड गाड्यांमध्ये पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी बसवून मिळू लागला, पण त्याला हा क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन बंद करून, खाली उतरून, बॉनेट उघडून बेल्ट काढून ठेवायचा. आप्पांना हे सांगितल्यावर ते खूश झाले. "बघ, म्हणून काचा.")

पुढच्या वारीला आप्पा पुढे बसले, मांडीवर हजेरीपट, हातात दिवा. आई मागे, या सगळ्याला नाराज. सकाळी अर्थातच काही झालं नाही. दिवा अधूनमधून विझे आणि लागे, कारण आतली जाळी पुरेशी गार झाली की यंत्रणा कॉम्प्रेसर सोडते आणि थोड्या वेळाने परत धरते, ते रोजचंच. दुपारी अडीचला कोल्हापूर सोडलं. ऊन रणरणत होतं. कागल, कोगनोळी, निपाणी. निपाणीच्या पुढे तवंदीचा घाट सुरू होतो. आमचा परतीचा रस्ता चढाचा, कारण गाव वर आहे, ज्याचा आम्हाला अभिमान. समोर उसाची ट्रॉली, मी गिअर उतरवला, पाय दाबला. आप्पा म्हणाले, "गेला."

दिवा विझला होता. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे. ट्रॉली मागे टाकली, पाय सैल केला, दिवा लागला.

हवा मात्र गरमच राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. आप्पांनी एक हात झरोक्यासमोर धरला, दुसऱ्या हातात पेटलेला दिवा. आरती करणाऱ्या माणसासारखे ते बसले होते.

घाटाच्या वर, रस्त्याच्या कडेला जागा बघून गाडी घेतली. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. पुली गरगर फिरत होती, तिच्यापुढची चकती ढिम्म. दिवा चालू. आप्पांनी रस्त्यावर पडलेलं हातभर लांब उसाचं कांडं उचललं, बाह्या वर केल्या आणि मी नको नको म्हणेपर्यंत कांड्याच्या टोकाने चकतीला हलकेच पुलीकडे ढकललं. हे कुणीही करू नये. पंखा कधीही सुरू होतो आणि बेल्टला माणसाची ओळख नसते. पण झालं असं की 'टक' वाजलं. ते मला ऐकू आलं. आप्पांना ऐकू आलं नाही, त्यांना फिरू लागलेली चकती दिसली. आतून आई ओरडली, "गार आलं गं!"

संकेश्वरच्या चहाला आप्पा हजेरीपट उघडून बसले आणि त्यांनी मी खोडलेल्या सहा ओळींवर एकेक करत बोट ठेवलं. काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. चकती एकदा चिकटली की मध्ये फट उरत नाही, मग चुंबक तापून अशक्त झालं तरी ती धरून राहते. प्रश्न येतो सुटल्यावर पुन्हा धरायचा. घाटात संगणक तिला सोडत होता, ते त्याचं कामच. पण वर आल्यावर तापलेल्या कॉईलला ती परत ओढता येत नव्हती. घाट गुन्हेगार नव्हता, पण गुन्हा दर वेळी तिथेच घडत होता, आणि मी साक्षीदारालाच बाहेर काढलं होतं.

तांब्याचा रोध प्रत्येक अंशामागे साधारण ०.४ टक्के वाढतो. म्हणजे कॉईल २० अंशांवरून १०० अंशांवर गेली की जवळपास तीस टक्के जास्त रोध, वीज साधारण पाव हिश्श्याने कमी, आणि ओढ तर त्याहून कमी. त्यात फट मोठी. चुंबकाची ओढ फटीला फार भिते. फट दुप्पट झाली की ओढ साधारण चौथाईवर येते. दर 'टक'ला चकती थोडी थोडी झिजत होती आणि फट वाढत होती. गार असताना ओढ कशीबशी पुरायची. तापल्यावर नाही. चहाने गाडी बरी व्हायची ती एवढ्यासाठीच.

रविवारी दारात गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे दिले, उजवं चाक काढलं, आतला प्लॅस्टिकचा पडदा काढला. आप्पांनी कपाटातून तेलकट फडक्यात गुंडाळलेला, फट मापायचा फीलर गेज आणला. पोलादी पात्यांचा तो पंखा मी लहानपणी खेळायला मागायचे आणि मिळायचा नाही. टर्नर लोकांचं माप मिलिमीटर नाही, थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पुस्तिकेत फट दिली होती मिलिमीटरमध्ये, ०.३५ ते ०.६५. आप्पांनी मनात करून टाकलं, "चौदा ते पंचवीस-सव्वीस." मग तीन ठिकाणी पातं घालून बघितलं. ३८, ३६, ४०.

"घोडं जाईल यातून," ते म्हणाले.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. मधला एक नट काढला, चकती हाताने बाहेर आली. गॅसला हात लावावा लागला नाही, एक नळी उघडावी लागली नाही. आत दांड्यावर तीन वॉशर होते, नखाएवढे पातळ, शिम म्हणतात त्यांना. फट ठरवणारे तेच. आप्पांनी मायक्रोमीटरवर मापले, प्रत्येकी दहा थाऊ. दोन काढले, एक ठेवला, चकती बसवली, पुन्हा तीन ठिकाणी पातं फिरवलं. १८, १७, १९. चकती हाताने फिरवून बघितली, कुठे घासत नाही ना. शेजारचे गृहस्थ कंपाउंडवरून बघत होते. त्यांनी विचारलं, "काय झालंय? गॅस?"

संध्याकाळी इलेक्ट्रिशियनकडे गेलो. आप्पांनी दोन्ही शिम खिशातून काढून त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने ते उजेडाकडे धरून बघितले, आप्पांकडे बघितलं, आणि मग दोघे माझ्याशी काही संबंध नसल्यासारखे कन्नडमध्ये बराच वेळ बोलत बसले. आप्पांना त्याचं नीट ऐकू येत होतं, याचं मला नवल वाटलं. पैसे त्याने शंभर घेतले, दिवा परत घेतला नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये मी परत गेले नाही. ज्या चार जणींना ते सुचवलं होतं त्यांच्यातली एक मात्र जाऊन गॅस भरून आली आहे. तिचा एसी छान चालतो म्हणते. सकाळचीच जातेय ती अजून.

मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा कोल्हापूर. परतीला निपाणीत गाडीबाहेर हात धरवत नव्हता. आप्पा पुढे, दिवा हातात, हजेरीपट मांडीवर. तवंदीच्या चढावर मी मुद्दाम पाय पूर्ण दाबला. दिवा विझला. वर आलो, दिवा लागला, आणि त्याबरोबर पुढून बारीकसं 'टक'. मी आप्पांकडे बघून मान हलवली. ते झरोक्यासमोर हात धरून बसले, बराच वेळ. मग पेन काढलं.

मागून आई म्हणाली, "झालं का तुमचं? आता बंद करा जरा ते, गुडघे गारठले माझे."

बटण बंद केलं, काचा खाली केल्या. घरी आल्यावर हजेरीपट बघितला. आप्पांच्या अक्षरात एक ओळ होती: 'तवंदी, चढ, ४४ मिनिटं, ऊन कडक, वारा जोरात, गार.' शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'हिने बंद करायला लावला.'